'साइटला पेनल्टी लागली' असा फोन आला तर

वरूड-शेंदूरजनाघाट भागातले एक संत्रा पन्हेरीवाले. कलमांचे भाव आणि फोन नंबर देणारी त्यांची छोटी वेबसाइट. पोळा झाल्यावर त्यांना फोन आला: "भाऊ, तुमच्या साइटवर विषारी लिंका लागल्या, गूगलनं पेनल्टी मारली. महिन्याभरात साफ करून देतो." मागोमाग व्हॉट्सअ‍ॅपवर लालभडक पीडीएफ. पैसे तर गेलेच, पण साइटचं खरं वाटोळं 'सफाई'नंतर झालं. हा डाव कोणत्याही छोट्या साइटवर चालतो, म्हणून तो नीट उलगडून सांगतो.

आधी फोनची वेळ बघा. कलमांची विचारणा पावसाळ्यात असते, लागवड आटोपली की क्लिक उतरणारच. नेमका तोच उतरता आलेख दाखवून घाबरवलं गेलं. सर्च कन्सोल म्हणजे साइटमालकांसाठीचं गूगलचं मोफत टूल; त्यात 16 महिन्यांचा डेटा असतो. परफॉर्मन्स रिपोर्टात गेल्या वर्षीच्या याच तीन महिन्यांशी तुलना लावली असती, तर घसरण दर हंगामाचीच असल्याचं दिसलं असतं.

पीडीएफमधला 'टॉक्सिक स्कोअर' हा खाजगी टूलचा आकडा, गूगल तो वापरत नाही. कॅसिनो, वॉलपेपर, परदेशी भाषांतल्या फालतू साइट्स कोणालाही लिंक देतात, ते काम यंत्रच करतं. 2012 साली फसव्या लिंका पकडणारा गूगलचा पेंग्विन अपडेट आला तेव्हा अशा लिंकांमुळे साइट खाली ढकलली जायची. सप्टेंबर 2016 पासून गूगल बहुतेक वेळा त्यांची किंमत शून्य धरून पुढे जातं. माणसाने तपासून केलेली कारवाई मात्र लपून राहत नाही. सर्च कन्सोलमध्ये 'मॅन्युअल अ‍ॅक्शन्स' उघडा. तिथे 'नो इश्यूज डिटेक्टेड' असेल तर तशी कारवाई झालेलीच नाही. हे बघायला एक रुपया लागत नाही.

इथे कारवाई नव्हतीच. तरी 'सफाई'साठी सर्च कन्सोलचा ओनर अ‍ॅक्सेस मागितला गेला आणि मिळालाही. मग लिंक देणारं प्रत्येक डोमेन (साइटचा पत्ता) सरसकट डिसअव्हाउ फाइलमध्ये, म्हणजे 'या लिंका धरू नका' असं गूगलला सांगणाऱ्या यादीत, टाकलं गेलं. त्यात स्थानिक वर्तमानपत्राची आणि कृषी विज्ञान केंद्राची लिंकही गेली. साइटला जो काही आधार होता तो याच दोन-चार लिंकांचा. डिसअव्हाउ टूल सर्च कन्सोलच्या मेनूत दिसत नाही, त्याचं पान वेगळं आहे. त्यामुळे मालकाला पत्ताच लागला नाही. पुढच्या हंगामातही साइट वर येईना, तेव्हा त्याच माणसाने दुसरं पॅकेज पुढे केलं.

असं झालं असेल तर आधी ते टूल उघडा. प्रॉपर्टी म्हणजे सर्च कन्सोलमधली साइटची नोंद; या टूलमध्ये डोमेन प्रॉपर्टी चालत नाही, पूर्ण पत्त्याची यूआरएल-प्रीफिक्स प्रॉपर्टी लागते. जुनी यादी उतरवून ठेवा, मग ती रद्द करा. परिणाम दिसायला काही आठवडे जातात. सेटिंग्जमधल्या 'युजर्स अँड परमिशन्स'मधून परका ओनर काढा. पण नुसतं नाव काढून भागत नाही. त्याने व्हेरिफिकेशनसाठी ठेवलेली एचटीएमएल फाइल, मेटा टॅग किंवा डीएनएसमधली टीएक्सटी नोंदही पुसा, नाहीतर तो परत आत येतो. पुढे कोणाला रिपोर्ट दाखवायचाच असेल तर 'रिस्ट्रिक्टेड' युजर करा, तेवढं पुरतं.

मॅन्युअल अ‍ॅक्शन्समध्ये 'अननॅचरल लिंक्स टू युवर साइट' (तुमच्या साइटकडे येणाऱ्या बनावट लिंका) असं खरंच लिहून आलं असेल, तर आधी कधी तरी 'दोन हजारात पाचशे बॅकलिंक' (दुसऱ्या साइट्सवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंका) घेतल्या होत्या का ते आठवा. बहुतेकदा मूळ तिथेच निघतं. लिंक्स रिपोर्ट एक्सपोर्ट करा, डोमेनप्रमाणे लावा. विकतच्या लिंका ओळखू येतात: शेकडो अनोळखी साइट्सवर एकच ठरावीक वाक्य. त्या साइटवाल्यांना लिंक काढायला ईमेल करा, तारखा लिहून ठेवा. काढण्याचे पैसे मागितले तर देऊ नका. ज्या निघाल्या नाहीत त्यांचे डोमेन एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये टाका: एका ओळीत एक, आधी 'डोमेन' शब्द, मग कोलन (:), मग पत्ता, सगळं इंग्रजी अक्षरांत. ही फाइल डिसअव्हाउ टूलमध्ये चढवा. मर्यादा 1 लाख ओळी आणि 2 एमबी. नवी फाइल चढवली की जुनी पुसली जाते, म्हणून दरवेळी पूर्ण यादी चढवायची. मग रिकन्सिडरेशन रिक्वेस्ट, म्हणजे गूगलला फेरविचाराची विनंती: काय विकत घेतलं, काय काढलं, ते सरळ लिहा. उत्तर येईपर्यंत दुसरी पाठवू नका.

पैसे यूपीआयने गेले असतील तर व्यवहार क्रमांक आणि ती पीडीएफ हाताशी ठेवून लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा आणि बँकेलाही कळवा.