वापरलेल्या तेलापासून बनवलेले बॉयलरचे इंधन : एका पुरवठादाराच्या सेवेविषयी

आमच्या कापड प्रक्रिया कारखान्यातील बॉयलरसाठी आम्ही फर्नेस ऑइलऐवजी, वापरलेल्या वंगणतेलावर प्रक्रिया करून तयार केलेले इंधन घेऊ लागलो आहोत. पुरवठादार अधिकृत पुनर्प्रक्रियादार आहे. त्याच्या सेवेविषयी माझे मत चांगले आहे, आणि त्याचे कारण दर नसून प्रत्येक टँकरसोबत येणारा चाचणी अहवाल हे आहे.

इंजिनात फिरून आलेल्या तेलात झिजलेल्या भागांचे धातू आणि मिश्रकांतील जस्त उतरलेले असते. बॉयलरमध्ये तेल जळते, पण धातू नाहीसे होत नाहीत. ते बारीक कणांच्या रूपाने चिमणीतून बाहेर पडतात किंवा नळ्यांवर राखेचा थर धरून बसतात. क्लोरीनयुक्त कटिंग ऑइल (धातू कापताना वापरायचे तेल) किंवा सॉल्व्हंट त्यात मिसळलेले असल्यास हायड्रोजन क्लोराइड वायू तयार होतो आणि ज्वलन अपुरे राहिल्यास डायॉक्सिन या अतिविषारी संयुगांचाही धोका संभवतो. आमच्या बॉयलरला स्क्रबर, म्हणजे धूर धुऊन साफ करणारी यंत्रणा, नाही, त्यामुळे जे रोखायचे ते तेल टाकीत उतरण्यापूर्वीच रोखावे लागते.

घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांतील पाचव्या अनुसूचीत अशा इंधनासाठी शिसे १०० पीपीएम (दहा लाखांत १०० भाग), आर्सेनिक ५ पीपीएम, एकूण हॅलोजन (क्लोरीनसारखी मूलद्रव्ये) ४००० पीपीएम आणि गाळ ०.२५ टक्के अशा कमाल मर्यादा आहेत. अमेरिकेच्या नियमांतही शिसे, आर्सेनिक व हॅलोजन यांचे आकडे हेच आहेत. मात्र तेथे कॅडमियमला २ आणि क्रोमियमला १० पीपीएम अशी स्वतंत्र मर्यादा आहे, तर आपल्याकडे कॅडमियम, क्रोमियम व निकेल मिळून ५०० पीपीएमपर्यंत चालते. चिमणीच्या आसपास माणसे राहतात हे लक्षात घेता ही मर्यादा मला फार सैल वाटते. म्हणून आम्ही तिन्ही धातूंचे आकडे वेगवेगळे मागितले आणि पुरवठादाराने खळखळ न करता ते देण्यास सुरुवात केली. सेवेची खरी पारख मला येथे झाली.

उणिवाही आहेत. पावसाळ्यात आलेल्या काही मालात पाणी अधिक होते आणि बर्नरची ज्योत वारंवार अस्थिर होत असे. तक्रारीनंतर सुधारणा झाली, पण उशिराने. शिवाय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात इंधनाचा प्रकार नमूद असतो आणि इंधन बदलायचे तर हे संमतीपत्र आधी सुधारून घ्यावे लागते, ही गोष्ट विक्री प्रतिनिधीने आपणहून सांगायला हवी होती.

गॅरेजमधून गोळा केलेले जळके ऑइल कागदपत्रांशिवाय, कितीतरी स्वस्तात देऊ करणारे व्यापारीही भेटतात. त्यांच्याकडून एक पिंपही घेऊ नये. नवीन पुरवठादार ठरवताना मंडळाच्या अधिकारपत्राची प्रत मागावी, प्रत्येक टँकरचा मॅनिफेस्ट (मालाच्या वाहतुकीची नोंद असलेला कागद) जपून ठेवावा, आणि तेल उतरवण्याआधी दोघांच्या सहीने एक नमुना बाटलीत सीलबंद करून ठेवावा; आमच्या पुरवठादाराने यातील एकाही गोष्टीला कधी हरकत घेतलेली नाही.