‘सारॅट’ सेवा: गणित चोख, पण भरलेली माहितीही चोख हवी

बोट बंदरात परतली नाही की शोध कुठून सुरू करायचा? हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सागरी माहिती केंद्राची ‘सारॅट’ ही सेवा 2016 पासून याचं उत्तर नकाशावर दाखवते. ती फुकट आहे आणि किनारी राज्यांच्या भाषांतही चालते. मात्र आधी तटरक्षक दलाला 1554 वर फोन करा, सारॅट त्यानंतर. शोधाची सूत्रं तटरक्षक दलाकडेच असतात.

सारॅटला तीन गोष्टी लागतात: शेवटचं ठिकाण, वेळ आणि काय हरवलंय. ठिकाण नकाशावर टिचकी मारून देता येतं, किंवा किनाऱ्यावरचं गाव निवडून तिथून अंतर आणि दिशा देऊन. तांडेलाच्या (बोटीच्या प्रमुखाच्या) सांगण्यावरून काम चालवायचं असेल तर दुसरी पद्धत बरी. अक्षांश आकड्यांत लिहिताना सगळ्यात जास्त घोटाळा होतो. रत्नागिरीजवळचे 16 अंश 59 मिनिटं म्हणजे 16.98; ते 16.59 लिहिलंत की शोध साडेतेवीस सागरी मैल दक्षिणेला सरकलाच!

हरवलेल्या वस्तूंचे साठेक प्रकार आहेत. यादी लांबलचक म्हणून पहिला दिसेल तो प्रकार निवडू नका, कारण सेवेचा खरा कस इथेच आहे. प्रवाह सगळ्यांना सारखाच ओढतो, वारा मात्र नाही. पाण्यात पडलेला माणूस वाऱ्याच्या वेगाच्या साधारण एक-सव्वा टक्क्याने सरकतो, तर तरता नांगर (वाहणं मंदावणारं साधन) नसलेली हलकी राफ्ट, म्हणजे जीव वाचवायचा तराफा, चारेक टक्क्यांनी. 20 नॉटचा (ताशी 20 सागरी मैलांचा) वारा 12 तास वाहिला, तर नुसत्या वाऱ्याने माणूस सुमारे तीन मैल जाईल आणि राफ्ट साडेनऊ. शिवाय बरंच काही वाऱ्याला तिरपं, डावीकडे नाहीतर उजवीकडे वाहतं, म्हणून कधी नकाशावर दोन वेगळे ठिपके-पुंजके दिसतात. ती चूक नव्हे. दोन्हीकडे शोधायला हवं.

हे टक्के माणसाचे पुतळे, राफ्टी, होड्या खऱ्याखुऱ्या समुद्रात सोडून, मोजून काढलेले असतात. अशा प्रयोगांचा मोठा आढावा 1999 मध्ये अमेरिकी तटरक्षक दलासाठी तयार झाला. त्यातल्या होड्या आपल्याकडच्या नव्हेत. त्यामुळे फायबरच्या कोकणी होडीसाठी आकाराने आणि पाण्याबाहेरच्या उंचीने जवळचा प्रकार घ्यावा लागतो. आपल्या बोटींवर असे प्रयोग जितके होतील तितका हा भाग सुधारेल. पैसा इथे घालायला हवा.

ठिकाण-वेळेतली अनिश्चितता सारॅट हिशोबात धरते: एकाच वेळी असंख्य शक्यता वाहवून त्यातून दाट भाग काढते. पण ‘पहाटे कधीतरी’ एवढ्यावर शोधाचं वर्तुळ फुगतं. एक नॉटच्या प्रवाहात तीन तासांची चूक म्हणजे तीन मैल. खाडीच्या तोंडाशी भरती-ओहोटीचं पाणी साधारण दर सहा तासांनी दिशा बदलतं. तिथे स्थानिक खलाशाचं ऐकावं.

26/11 नंतर 20 मीटरपेक्षा मोठ्या बोटींना एआयएस, म्हणजे बोटीचं ठिकाण आपोआप कळवणारं यंत्र, सक्तीचं झालं, पण छोट्या बोटी बराच काळ नजरेआडच राहिल्या. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरमध्ये छोट्या बोटींसाठी ठिकाण कळवणाऱ्या एक लाख ट्रान्सपॉन्डरची योजना सुरू झाली. ते बसवलं असेल आणि चालू असेल, तर फॉर्ममधल्या पहिल्या दोन रकान्यांत अंदाज लिहावा लागत नाही.