सासवण्याचं करमरकर शिल्पालय - अलिबागला जाताय तर आधी इथे थांबा

अलिबागला जाणारे बहुतेक जण बीच, किल्ला, मासे असं करून परत येतात आणि मांडव्याहून येताना वाटेवरच असलेलं सासवणे मागे पडतं, म्हणून मुद्दाम लिहितेय. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर म्हणजे नानासाहेब, त्यांचं घरच आता शिल्पालय आहे. तिकीट अगदी नाममात्र.

अंगणात म्हैस बसलीये, सिमेंटची, खऱ्या म्हशीएवढी. सिमेंट म्हटलं की आपल्याला चौकातले ठोकळ्यासारखे पुतळे आठवतात ना, इथे मात्र जमिनीवर टेकलेल्या पोटाचं वजन कळतं, कातडीखालचं हाड कळतं! लहान मुलं हात लावायला धावतात, तेवढं प्लीज सांभाळा.

आत मोठ्या लोकांचे अर्धपुतळे भरपूर आहेत पण मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती कोळीण, हमाल असल्या साध्या माणसांपाशी. कष्टाची सवय झालेलं शरीर कसं उभं राहतं, भार कुठल्या पायावर जातो, लुगडं कुठे ताणलं जातं आणि कुठे सैल पडतं, हे त्या माणसाने किती वर्षं निरखलं असेल. नटवलेलं काही नाही, आणि दयेने बघणंही नाही. मला तर हेच त्यांचं खरं मोठेपण वाटतं. हात जोडलेली ‘नमस्ते’ तर समोरून बघून पुढे जाऊ नका, बाजूने पण बघा.

आणि सुरुवात चित्राने झालेली बरं का. 1891 चा जन्म, याच गावातला. पोरवयात देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराज काढले होते, ते त्या वेळचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांनी पाहिले आणि मुलाला मुंबईला जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पाठवायची सोय केली. पुढे त्याच मुलाने पुण्याच्या शिवाजी मिलिटरी स्कूलमधला 1928 चा महाराजांचा अश्वारूढ पुतळा घडवला, तेवढं प्रचंड ब्राँझ माझगाव डॉकला एकसंध ओतलं होतं. पुणेकरांनी तो पाहिला असेलच, पण कोणी केला विचारलं तर किती जण सांगतील?

चित्रकला शिकणारी मुलं घरात असतील तर स्केचबुक घेऊनच न्या, एकच शिल्प निवडून चारही बाजूंनी काढायला सांगा. अर्ध्या तासात उरकू नका, निदान दीड-दोन तास हातात ठेवा आणि शक्यतो शनिवार-रविवार टाळा.