घरकामासाठी ओमानला पाठवतो म्हणणाऱ्या एजंटपासून सावध राहा

आमच्या मावशीसोबत जे झालं ते लिहून टाकतो, कारण तो एजंट नागपुरातच आहे अन् आता दुसऱ्या वस्तीतल्या बायांना भेटतोय असं ऐकलं.

मावशी दिघोरीत राहते, धुणीभांडी करायची. मस्कतला एकाच घरचं काम, महिन्याला तीस हजार, खाणंराहणं फ्री असं सांगून त्यानं साठ हजार घेतले, तेही साळ्याच्या फोनपेवर, पावती नाही. तिकीट दुबईचं अन् व्हिसा व्हिजिटचा. एअरपोर्टवर विचारलं तर बहिणीकडे फिरायला चालली म्हणायचं, हे तिच्याकडून पाठ करून घेतलं. दुबईहून गाडीत बसवून ओमानला.

खरी गोम या व्हिजिट व्हिसातच आहे. मावशी दहावी नाही म्हणून पासपोर्ट ईसीआर (परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी तपासणी लागणारा), अन् त्यावर ओमान, यूएई, सौदी, कुवेत असे 18 देश आहेत तिथं कामाला जायचं तर 1983 च्या कायद्यानं सरकारी क्लिअरन्स लागतो, घरकामाला जाणारी बाई 30 च्या वरची लागते आणि तिला पाठवायचं काम सरकारी एजन्सीचं, खाजगी एजंटचं नाहीच. फिरायला गेलेल्या बाईचं ई-मायग्रेटवर (परदेशी कामाला जाणाऱ्यांच्या सरकारी पोर्टलवर) नाव नसते, करार नसते, 10 लाखाचा विमा नसते.

तिथं गेल्या गेल्या मालकिणीनं पासपोर्ट काढून घेतला. पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत काम, पगार ठरल्याच्या अर्धा. एकदा तिनं हाताचा फोटो पाठवला, बाथरूमच्या ॲसिडनं बोटांच्या मधली कातडी निघाली होती, आई तो फोटो पाहून जेवलीच नाही. परत जाते म्हटलं तर तुझ्यासाठी एजंटला पैसे भरलेत, ते दे अन् जा. तिथं व्हिसा मालकाच्या हातात, न सांगता निघालं की तो पळून गेल्याची तक्रार करतो अन् बाईच गुन्हेगार ठरते. तरी मावशी हिंमत करून टॅक्सीनं इंडियन एम्बसीत पोचली, इकडून आम्ही परराष्ट्र खात्याच्या मदद पोर्टलवर तक्रार टाकली होती, तेव्हा कुठं घरी आली.

आता पोलीस स्टेशनला एजंट म्हणतो ती फिरायला गेली होती, व्हिसा बघा! त्यानंच पढवलेलं खोटं तोच पुरावा म्हणून दाखवतो, संताप येते. फोनपेचा स्क्रीनशॉट अन् त्याच्या व्हॉइस नोट जपून ठेवल्या होत्या, त्यावरच आमचा अर्ज घेतला.

तुमच्या घरची कोणी आत्ता तिथं अडकली असेल तर एजंटच्या "दोन दिवस थांबा"वर राहू नका, चॅट डिलीट करू नका, पासपोर्टची झेरॉक्स हाताशी ठेवून 1800-11-3090 या सरकारी हेल्पलाइनवर लगेच फोन लावा.