पुण्यातल्या पेरू गेटजवळची मेस: एकटीने जेवण जात नसेल तर

आधीच सांगते, आमटी गोड असते. मी कराडची, गूळ घातलेली आमटी मला शिक्षाच वाटते. तरी गेल्या उन्हाळ्यापासून महिन्याची मेस इथेच लावलीय. चवीसाठी नाही.

आमचं तुटलं तेव्हा दिवस कसाबसा ऑफिसात निघायचा, रात्रीचं जेवण मात्र अंगावर यायचं. रोज दोघं एकत्र जेवायचो ना. एकटीसाठी कुकर लावावासा वाटेना. ऑनलाइन मागवावं तर मोबाइल समोर ठेवून खाणं आलं, आणि मोबाइल उघडला की त्याचं स्टेटस. मैत्रिणी आग्रहाने बोलवायच्या, पण तिथे भाजीबरोबर चौकशीही वाढली जायची.

इथे चौकशी नाही. लांब टेबलं, जागा मिळेल तिथे बसायचं. आजूबाजूला बहुतेक एमपीएससीची पोरं-पोरी, अभ्यासिकेतून थेट आलेली, डोकं ताटात आणि तोंडात कटऑफ. ‘ताई, मीठ सरकवता का?’ यापलीकडे कोणी बोलत नाही, आणि सुरुवातीला मला तेवढंच झेपत होतं. पोळ्या वाढणाऱ्या मावशी तर काही विचारतच नाहीत, नुसतं ताटाकडे बघतात. पोळी चिवडत बसलं की ती बाजूला सारून तव्यावरची वाढतात, ‘ही खा गं गरम’ म्हणतात आणि पुढच्या ताटाकडे वळतात.

खाड्याचा नियम कडक आहे. आदल्या रात्री सांगायचं, तेही सलग तीन दिवसांच्या वर असेल तरच पैसे वळते होतात. यावरून कुरकुर करणारे पुष्कळ आहेत, माझं मात्र त्यानेच भलं झालं. पैसे बुडतील म्हणून का होईना, पाय ओढत घराबाहेर पडायचे. न सांगता दांडी मारली की दुसऱ्या दिवशी काका वहीतून मान वर न काढता म्हणतात, ‘काल आला नाहीत.’ घरी कोणी वाट बघत नसताना हे वाक्य ऐकायला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

जेवणाचं म्हणाल तर मटकीची उसळ उत्तम, भेंडी तेलकट, दुधीच्या वाटेला जाऊ नका. साडेनऊनंतर गेलात तर भात मिळेलच असं नाही. रविवारी दुपारी फीस्ट असते, त्यातला मसालेभात चुकवू नये.

खरी तक्रार एकच. रविवारी संध्याकाळी मेस बंद. पुण्यातल्या बऱ्याच मेसचा हा रिवाज, पण एकट्या माणसाला घर खायला उठतं ते नेमकं त्याच वेळी. मी सारसबागेत तळ्यातल्या गणपतीला जाते आणि बाहेरच्या भेळेवर भागवते. तिथे जोड्याच जोड्या असतात, मन घट्ट करून जा.

आणि हो, झोपच लागत नसेल, दिवसेंदिवस घास उतरत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर मेसच्या भरवशावर राहू नका. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. २०२२ पासून ही सेवा आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं.

मेसचे पैसे महिन्याचे आगाऊ, गुगल पे चालतं. गाडी मात्र गल्लीच्या तोंडाशी लावू नका, उचलून नेतात.