पावतीवरचे नाव आणि खात्यावरचे नाव

मणिपूरमध्ये 3 मे 2023 रोजी हिंसाचार उसळला आणि पुढच्या काही आठवड्यांत सुमारे 60 हजार माणसे घरदार सोडून शाळा, महाविद्यालये आणि समाजमंदिरांत उघडलेल्या मदत छावण्यांत जाऊन राहिली. त्या माणसांच्या नावाने त्याच वर्षी पावसाळ्यात, चवथीच्या तोंडावर, गोव्यातील आमच्या सांगे तालुक्यात घरोघरी पैसे गोळा करण्यात आले. ते पैसे मणिपूरला पोहोचले नाहीत. माझ्या घरातूनही रक्कम गेली, आमच्या भजनी मंडळाच्या निधीतूनही गेली. हा अनुभव सविस्तर लिहिण्याचे कारण एवढेच की, पैसे मागायला आलेल्यांनी सांगितलेल्या गोष्टींपैकी बहुतेक गोष्टी खऱ्या होत्या. त्यामुळे त्यांची हकीकत कितीही पारखली असती तरी तिच्यात खोट सापडली नसती. खोट होती ती फक्त पैसे जिथे जात होते त्या खात्यात.

आलेली माणसे दोन होती. एक मडगावकडचा, मराठी आणि कोकणी दोन्ही सफाईने बोलणारा मध्यमवयीन गृहस्थ आणि दुसरी समाजकार्याची पदवी घेतल्याचे सांगणारी तरुणी. गळ्यात ओळखपत्रे, हातात मराठीत छापलेले आवाहनपत्र आणि क्यूआर कोडचे एक लॅमिनेट केलेले कार्ड. ते आधी पंचाला भेटले, मग देवळाच्या समितीतील एका ज्येष्ठाला, आणि आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, शिरताना या दोघांची नावे घेऊनच शिरले. पंचाने त्यांना चहा पाजण्यापलीकडे काही केले नव्हते, पण वाड्यावर ती शिफारस ठरली.

आमचा वाडा त्यांनी का निवडला असावा, हे मला नंतर उमगले. वालकिणी आणि वाडें या पुनर्वसन वसाहतींत राहणारी आमची कुटुंबे मूळ कुर्डीची. साळावली धरणाच्या जलाशयात आमचे गाव गेले. मे महिन्यात पाणी ओसरले की घरांचे चौथरे उघडे पडतात आणि आम्ही सोमेश्वराच्या उत्सवासाठी तिथे जातो. त्या गृहस्थाने आमच्या ओसरीवर बसून पहिलेच वाक्य उच्चारले ते असे: ‘काका, घर सुटणे म्हणजे काय हे तुम्हांला मी सांगायला नको.’ एवढ्या तयारीने आलेला माणूस सहसा चांगल्याच हेतूचा असतो असे आपण मानतो. वास्तविक तयारी दोन्ही प्रकारची माणसे करतात.

सुरुवातीला आमच्या बायकांनी चादरी, कपडे आणि शाळेची दप्तरे देऊ केली. ती त्यांनी नम्रपणे नाकारली. इंफाळपर्यंत रेल्वे पोहोचलेली नाही, दिमापूरहून येणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 2 आंदोलकांकडून वारंवार रोखला जातो, गोव्याहून ट्रक पाठवायचा तर भाडेच चादरींच्या किमतीपेक्षा जास्त होते, आणि जुने कपडे छावणीत ढिगाने साचून कुजतात, असे त्यांचे म्हणणे. यातला प्रत्येक शब्द त्या वेळी बरोबर होता. आपत्तीच्या ठिकाणी काम करणाऱ्या चांगल्या संस्थाही वस्तूंऐवजी रोख मदतच मागतात, कारण जवळच्या बाजारातून खरेदी केली तर माल वेळेवर मिळतो आणि तिथल्या दुकानदारांचेही चालते. पत्रकात छावणीचे निकष दिले होते: माणशी दिवसाला किमान 15 लिटर पाणी, माणशी साडेतीन चौरस मीटर निवारा, 20 माणसांमागे एक शौचालय. मी पुढे हे आकडे ताडून पाहिले. जगभरच्या मदत संस्था ज्यांना ‘स्फिअर’ निकष म्हणतात त्यांच्याशी ते तंतोतंत जुळतात. अचूक आकड्यांमुळे त्या पत्रकाला वजन आले खरे, परंतु ते आकडे कोणालाही उतरवून घेता येतात.

छावणीतल्या कोणाशी तरी व्हिडिओ कॉलवर बोलता येईल का, असे मंडळाच्या अध्यक्षांनी विचारले होते. मणिपूरमध्ये मोबाईल इंटरनेट सरकारने बंद ठेवले आहे, असे उत्तर मिळाले, आणि तेही खरे होते. मे महिन्यापासून कित्येक महिने ते बंदच होते. मात्र त्याच छावणीतून फोटो आणि आभारपत्रे व्हॉट्सअॅपवर अगदी वेळच्या वेळी येत राहिली, ही विसंगती तेव्हा चर्चेत आली नाही.

आता खात्याविषयी. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर संस्थेचे नाव येत नव्हते, एका व्यक्तीचे नाव येत होते. हे आमच्या घरातल्या मुलाने लगेच दाखवून दिले. त्यावर त्या तरुणीने जे स्पष्टीकरण दिले ते मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण तेच आज आणखी कुठेतरी दिले जात असेल. विदेशी देणग्यांच्या कायद्यामुळे, म्हणजे एफसीआरएमुळे, ट्रस्टचे खाते तात्पुरते गोठले आहे, म्हणून समन्वयकाच्या वैयक्तिक खात्यात रक्कम घेऊन तीच पुढे पाठवली जाते, असे ती म्हणाली. हा कायदा परदेशातून येणाऱ्या देणग्यांसाठी आहे. 2020 च्या दुरुस्तीनंतर अशा देणग्या दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच घ्याव्या लागतात. सांग्यातल्या माणसाने आपल्या पेन्शनमधून दिलेले पाचशे रुपये ही विदेशी देणगी नव्हे, आणि ते घेण्यासाठी संस्थेला आपले साधे बचत खाते पुरते. एका माणसाच्या खात्यात सार्वजनिक मदत मागणारी संस्था कोणतेही कारण सांगो, ते ऐकून घेण्याचीही गरज नाही. 30 जून 2025 पासून तर यूपीआय अॅपवर बँकेत नोंदलेले नावच दिसले पाहिजे असा नियम झाला आहे. त्यामुळे पिन टाकण्याआधी ते नाव वाचायला दोन क्षण द्यावेत.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता त्यांच्याकडून रोख घेतले गेले आणि पावत्या दिल्या गेल्या. या पावत्या पुढे माझ्या हाती आल्या. मी अनेक वर्षे पतसंस्थेत काम केले असल्याने कागद वाचण्याची सवय आहे. पावतीवर ठळक अक्षरांत आयकर सवलतीचा उल्लेख होता, पण खाली नोंदणी दिली होती ती 12अ ची. 1961 च्या आयकर कायद्यातील 12अ कलमामुळे संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नाला करमाफी मिळते; देणाऱ्याला वजावट मिळते ती 80जी नोंदणीमुळे, आणि ती नोंदणी आयकर खात्याच्या संकेतस्थळावर कोणालाही तपासता येते. शिवाय दोन हजारांवरील रोख देणगीला वजावट मिळतच नाही, आणि खऱ्या संस्थेला वर्षअखेर देणगीचे प्रमाणपत्र द्यावे लागते. याहून बोलका पुरावा पॅनचा होता. पॅनमधले चौथे अक्षर खातेदाराचा प्रकार सांगते: ट्रस्ट असेल तर ‘टी’, कंपनी असेल तर ‘सी’, व्यक्ती असेल तर ‘पी’. त्या छापील पावतीवर, ट्रस्टच्या भारदस्त नावाखाली, चौथे अक्षर ‘पी’ होते. ज्याने पावतीपुस्तक छापून घेतले त्याने बहुधा स्वतःचा किंवा कोणा दुसऱ्याचा पॅन दिला असावा.

दुसऱ्या फेरीत त्यांनी ‘कुटुंब दत्तक योजना’ आणली. दरमहा ठरावीक रक्कम द्यायची आणि त्या बदल्यात एका कुटुंबाचा फोटो, मुलांची नावे आणि अधूनमधून पत्र मिळायचे. यासाठी फोनवर यूपीआय ऑटोपेचा मँडेट करून घेतला गेला. त्यात लाभार्थी म्हणून एका व्यापारी खात्याचे नाव होते. मँडेट मंजूर करताना एकदा पिन टाकला की पुढचे हप्ते पिन न विचारता आपोआप कापले जातात, हे ज्येष्ठांपैकी फारच थोड्यांना ठाऊक होते. या योजनेला आमच्या वाड्यावर सर्वांत जास्त प्रतिसाद मिळाला, आणि तीच त्यांना भोवली.

झाले असे की एका एकादशीला भजन आटोपल्यावर दोन बायका मोबाईलवर आपापल्या दत्तक कुटुंबाचे फोटो एकमेकींना दाखवत होत्या. दोघींच्या फोटोत तीच मुलगी, तोच लाल स्वेटर, कोपरापाशी उसवलेली तीच बाही. एकीच्या पत्रात ती आठवीत शिकत होती, दुसरीच्या पत्रात पाचवीत, आणि नावेही वेगळी. ‘वहिनी, ही तर माझी पोर,’ असे एक हसत म्हणाली, आणि मग दोघींचेही हसू मावळले. त्या रात्रीच सर्वांच्या फोनमधले फोटो एकत्र करण्यात आले. छावणी म्हणून पाठवलेला एक फोटो नेटवर शोधला तेव्हा तो बांगलादेशातील कॉक्स बझारचा निघाला. 2017 च्या ऑगस्टपासून म्यानमारमधून पळालेले सात लाखांहून अधिक रोहिंग्या तिथे गेले. झाडे तोडलेल्या टेकड्यांच्या उतारावर बांबू आणि ताडपत्रीच्या झोपड्यांच्या रांगा त्या फोटोत दिसत होत्या आणि एका ताडपत्रीवर संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचे निळे चिन्हही होते. मणिपूरच्या छावण्या प्रामुख्याने शाळांच्या आणि सरकारी इमारतींत होत्या, आणि पुढे राज्य सरकारने पूर्वनिर्मित घरे उभारली. ते लोक आपल्याच देशात विस्थापित झालेले भारतीय नागरिक, तर रोहिंग्या सीमा ओलांडून गेलेले निर्वासित. दोघांची परिस्थिती निराळी आणि त्यांची जबाबदारी घेणाऱ्या यंत्रणाही निराळ्या. हा फरक माहीत असता तर तो फोटो पाहूनच कोणीतरी हटकले असते, असे मला वाटते. पण एका दुःखाचा फोटो दुसऱ्या दुःखासाठी सहज खपून जातो, हेही तितकेच खरे.

फसवणूक लक्षात येताच सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या 1930 या क्रमांकावर फोन केला. तिथे प्रत्येक व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम आणि यूपीआयचा 12 अंकी संदर्भ क्रमांक विचारतात, म्हणून हे सर्व आधी कागदावर लिहून मगच फोन हातात घ्यावा. नोंद झाली की रक्कम ज्या बँकेत गेली तिला सूचना जाते आणि खात्यात शिल्लक असेल तेवढी गोठवली जाते. जितका उशीर तितकी शिल्लक कमी, कारण अशी खाती बहुधा कमिशनवर भाड्याने घेतलेली असतात आणि त्यांतले पैसे तासाभरात चार ठिकाणी पांगतात. आमच्या बाबतीत पहिल्या फेरीतले पैसे केव्हाच निघून गेले होते. अलीकडच्या हप्त्यांपैकी काही रक्कम अडकवता आली. मँडेट मात्र ज्याचे त्याने, आपल्या अॅपमधील ऑटोपेच्या विभागात जाऊन, रद्द करायचे असतात. पोलिसांत तक्रार दिली म्हणून ते आपोआप थांबत नाहीत, आणि दोघांचा एकेक हप्ता तक्रारीनंतरही कापला गेला.

लेखी तक्रारीचे काम सर्वांत जड गेले. फसवणुकीचे कलम त्या वेळी भारतीय दंड संहितेतले 420 होते, आता भारतीय न्याय संहितेत ते 318 झाले आहे. शिवाय तोतयेगिरीसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 66ड. कलमे पोलीस लावतात, पण देणाऱ्याने सही तर केली पाहिजे. अनेकांनी सहीच नाकारली. ‘दान केले ते केले, त्याचा हिशेब कसला मागायचा,’ असे एका आजींनी सांगितले आणि त्यांच्यासमोर कोणाचे काही चालले नाही. आपल्याकडे गुप्तदानाला मोठा मान आहे. कोणी किती दिले हे विचारणे अशिष्ट समजले जाते. माझ्या मते या टोळीचे खरे संरक्षण तेच होते. शेजारच्या घरात काय सांगितले गेले, किती घेतले गेले, कोणता फोटो दिला गेला हे कोणी कोणाला विचारत नव्हते, आणि त्या एकादशीला गप्पा रंगल्या नसत्या तर हप्ते अजूनही कापले जात असते. देवाच्या पेटीत गुप्तदान करावे. जिथे माणूस पावतीपुस्तक घेऊन दारात येतो तिथे दहा घरांनी पावत्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.

या प्रकारानंतर मंडळाने ठराव करून ठेवला आहे की, बाहेरच्या मदतीसाठी पैसे द्यायचे झाल्यास ते संस्थेच्या पूर्ण नावाने काढलेल्या रेखांकित ‘अकाउंट पेयी’ धनादेशानेच द्यायचे. असा धनादेश दुसऱ्या नावाच्या खात्यात वटत नाही, आणि जी संस्था तो घ्यायला कांकूं करते तिच्याबद्दल आणखी चौकशी करायला लागतच नाही. 30 जुलै 2024 रोजी वायनाडमध्ये दरड कोसळून मुंडक्कई आणि चूरलमला ही गावे उद्ध्वस्त झाली तेव्हा आम्ही केरळच्या मुख्यमंत्री मदत निधीला रक्कम पाठवली. खात्याचा तपशील फॉरवर्ड होऊन आलेल्या संदेशातून न घेता सरकारी संकेतस्थळावरून उतरवून घेतला.

एक गोष्ट राहिली. तक्रार नोंदवल्यावर काही काळाने आमच्यापैकी काहींना फोन येऊ लागले. बोलणारा आपण सायबर विभागातून बोलतो असे सांगे, त्याच्याकडे तक्रारदाराचे नाव आणि गेलेली रक्कम बरोबर असे, आणि गोठवलेले पैसे सोडवण्यासाठी ‘प्रक्रिया शुल्क’ आधी भरावे लागेल असे तो म्हणे. पोलीस किंवा बँक असे शुल्क कधीही मागत नाहीत. गोठवलेली रक्कम परत मिळते ती योग्य कायदेशीर प्रक्रियेनेच. आपले नाव आणि रक्कम त्याला ठाऊक असल्याचे आश्चर्य वाटायला नको, कारण ती यादी मुळात त्याच लोकांनी दारोदार फिरून तयार केलेली असते. असा फोन आला तर तो तिथेच बंद करावा आणि आलेला क्रमांक आपल्या आधीच्या तक्रारीला जोडून द्यावा.