मीटरवरची बारीक अक्षरं आणि गेलेले ४३,७०० रुपये

३८,००० रुपये चुंबकीय 'वॉटर कंडिशनर'चे. ४,५०० रुपये 'लिक्विड जिप्सम'च्या ६ कॅनचे. १,२०० रुपये दोन पाणी तपासणी अहवालांचे, जे आधी फुकट म्हणून सांगितले होते. एकूण ४३,७०० गेले.

खरड छाटणी झालेली, द्राक्षाच्या नव्या पानांच्या कडा जळत होत्या. अशा वेळी दारात आलेला माणूस देवदूतच वाटतो. त्याने पेनसारखा मीटर बोअरच्या पाण्यात बुडवला : २९००. पाइपला यंत्र बसवलं, अर्ध्या तासाने पुन्हा बुडवला : १४५०. "बघा दादा, निम्मा क्षार गेला."

इथेच हात धरायला हवा होता. पहिला आकडा मायक्रोसीमेन्समधला, म्हणजे ईसी (पाण्याची विद्युतवाहकता). दुसरा पीपीएममधला, म्हणजे टीडीएस (विरघळलेले क्षार). मधे फक्त एक बटण दाबलं गेलं. बरेच स्वस्त मीटर ईसीला ०.५ने गुणून टीडीएस दाखवतात, म्हणून बरोब्बर निम्मे. एवढी नेमकी घट खऱ्या पाण्यात कधी येते का? एप्रिलचं ऊन होतं, स्क्रीन धड दिसत नव्हती, हेही खरं. पण आकडा वाचला आणि एकक वाचलं नाही, ही चूक आपलीच.

दुसरी संधी अहवालात होती. 'आधी' ईसी २.९ (डेसिसीमेन्समध्ये, म्हणजे मीटरवरचे तेच २९००), क्लोराइड १४.२ मि.ई. (मिलिइक्विव्हॅलंट) प्रति लिटर. 'नंतर' ईसी ०.७, क्लोराइड तेवढंच, १४.२! ईसीला १०ने गुणलं की कॅटायनची (धनभारित आयन, उदा. सोडियम) बेरीज मि.ई.मध्ये साधारण मिळते, अ‍ॅनायनचीही (ऋणभारित, उदा. क्लोराइड) तेवढीच. म्हणजे ०.७ला सगळे मिळून ७च्या आसपास, मग एकटं क्लोराइड १४ कुठून आलं? चुंबकाने सोडियम-क्लोराइड पाण्यातून निघत नाही. ते आरओने निघतं, नाहीतर गोड पाणी मिसळून सौम्य होतं : कॅनॉलचं ईसी ०.४ आणि बोअरचं २.९ निम्मं-निम्मं केलं तर १.६५.

जिप्समचा तर आणखीच संताप येतो. बायकार्बोनेट ९.५, कॅल्शियम-मॅग्नेशियम ११. आरएससी, म्हणजे बायकार्बोनेटमधून कॅल्शियम-मॅग्नेशियम वजा केल्यावर उरणारा आकडा, उणे १.५. या पाण्याला जिप्समची गरजच नव्हती. आरएससी १.२५च्या वर गेल्याशिवाय पाण्यासाठी म्हणून कुणाकडून जिप्सम घेऊ नका.

नमुना स्वतः घ्या, विकणाऱ्याच्या हाती देऊ नका. मोटर १५-२० मिनिटं चालवा, प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरून झाकण लावा, शक्यतो त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. आम्ही नंतर पोचवला, यंत्र चालू असताना : ईसी २.८८.

मग तक्रारीची वारी. पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला. कृषीवाले म्हणाले, यंत्र अनुदानाच्या यादीत नाही, आम्ही काय करणार. कॅन दाखवले तर उत्तर आलं, यावर 'खत' असं छापलेलंच नाही, आमच्या कक्षेत येत नाही. पण 'जिप्सम' तर छापलंय ना, साहेब? ज्या प्रयोगशाळेचा शिक्का अहवालावर होता, तिथे सांगितलं, शिक्का आमचा नाही, पण तसं लेखी मागितल्यावर "वरून परवानगी लागेल." त्या परवानगीसाठी चार चकरा झाल्या, प्रत्येक वेळी साहेब मीटिंगला.

यूपीआयने पैसे दिले असतील तर लगेच १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लावा. आम्ही रोख दिले. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची, पण पावती नीट वाचून घ्या. आमच्या पावतीवर यंत्राचं नावच नाही, लिहिलंय : 'प्लंबिंग साहित्य, १ नग.'